तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंत: कोकणातला टोमॅटो, हवा आणि किडी

थंड प्रदेशात किडींना आवर घालतो तो हिवाळा. कोकणात ते काम पावसाळा करतो. रत्नागिरी, देवगड, अलिबागसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात जानेवारीतसुद्धा रात्रीचं तापमान १८-२० अंशांच्या आसपास असतं. एवढ्याशा गारव्याने टोमॅटोवरची कुठलीही कीड झोपी जात नाही. जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेव्हा मात्र तिची दाणादाण उडते. हे आधी लक्षात घ्यायचं कारण असं, की टोमॅटोच्या लागवडीबद्दल आपण जे ऐकतो-वाचतो ते बहुतेक घाटावरून आलेलं असतं. नारायणगाव, नाशिक, पिंपळगाव बसवंतचं वेळापत्रक तिथल्या हवेवर बसवलेलं आहे. ते कोकणात जसंच्या तसं उचललं की फवारणी एकतर फार लवकर होते, नाहीतर फार उशिरा.

आपल्याकडे भात कापून झालं की टोमॅटोची गडबड सुरू होते. गादीवाफ्यावर रोपं ऑक्टोबरात, लागवड तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे, आणि तोडे जानेवारीपासून शिमग्यापर्यंत. पावसाळ्यात उघड्यावर टोमॅटो करायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. पडलंच तर कीड पोचायच्या आधी करपा आणि मर हे रोग त्या पिकाचा निकाल लावतात. म्हणजे पीक शेतात असतं तो काळ कोरडा, उबदार आणि दमट, तिन्ही एकाच वेळी. किडीला याहून बरं काय हवं?

किडीचं रक्त गार. तिच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेर जेवढी ऊब तेवढाच तिच्या वाढीचा वेग. प्रत्येक किडीचं एक किमान तापमान असतं, त्याच्या खाली वाढ थांबते. त्याच्या वर जितके अंश, तितकी त्या दिवसाची जमा. ठरावीक जमा झाली की अंड्याचा पतंग होतो. टुटा नावाच्या, पानाच्या आत राहून ते पोखरणाऱ्या नागअळीचं उदाहरण घेऊ, कारण तिचे आकडे चांगले मोजलेले आहेत. तिचं किमान तापमान ८ अंश, आणि अंड्यापासून पतंगापर्यंत लागणारी जमा सुमारे ४६०. घाटावर जानेवारीत रात्री १० आणि दिवसा २८ असेल तर सरासरी १९. त्यातून ८ वजा केले की रोजची जमा ११, म्हणजे एका पिढीला जवळजवळ ४२ दिवस. तेव्हाच किनाऱ्यावर रात्री २० आणि दिवसा ३२. सरासरी २६, रोजची जमा १८, आणि पिढी २५-२६ दिवसांत पुरी. टोमॅटो शेतात चार महिने उभा राहतो असं धरलं, तर घाटावर जेमतेम तीन पिढ्या होतात आणि आपल्याकडे साडेचारच्या आसपास. दीड पिढीचा फरक कागदावर किरकोळ वाटेल. पण टुटाची एक मादी अडीचशेच्या घरात अंडी घालते, तेव्हा शेवटच्या त्या दीड पिढीतच सगळा घात होतो.

दापोलीसारखी उंचावरची गावं याला थोडा अपवाद. तिथे थंडीत पारा १० अंशांपर्यंतही उतरतो आणि किडीचा वेग काही आठवडे मंदावतो. हर्णै-मुरुडच्या वाडीत आणि वर दापोलीत अंतर थोडंच आहे, पण एकाच आठवड्यात लावलेल्या दोन मळ्यांत किडीची वेळ मागे-पुढे होऊ शकते. शेजारच्या गावात अळी पडली म्हणून आपल्याकडे त्याच दिवशी पंप काढायचं कारण नाही, ते यामुळे.

आता पावसाबद्दल. पाऊस किडी मारतो हे खरं, पण सगळ्यांना सारखा नाही. मावा, फुलकिडे, पांढरी माशी ही मऊ अंगाची, मिलिमीटरभर किंवा त्याच्या आगेमागे आकाराची मंडळी. जोराची सर आली की ती पानांवरून धुपून जातात. त्यातही पांढऱ्या माशीची अंडी आणि पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली असतात, त्यामुळे ती बरीचशी वाचतात. नागअळीला तर पावसाचं काहीच नाही, कारण ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये बसलेली असते. फळात शिरलेल्या अळीलाही नाही. म्हणूनच अवकाळी पाऊस पडून गेल्यावर ‘आता कीड धुऊन निघाली’ असं समजून जे निवांत होतात त्यांचं पंधरा-वीस दिवसांनी अवघड होतं. धुऊन गेली ती वरवरची, आतली तशीच आहे.

पावसाची खरी मारामारी जमिनीत होते. फळ पोखरणारी अळी, तीच जिला हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतात, ती कोषात जायला झाडावरून उतरून जमिनीत काही सेंटिमीटर खोल शिरते. फुलकिडेही वाढीचा शेवटचा टप्पा मातीत काढतात, आणि टुटाचे बरेच कोष मातीतच असतात. भाताच्या खाचरात चिखलणी होते आणि पुढे कित्येक आठवडे पाणी तुंबून राहतं. त्यात हे कोष गुदमरून मरतात. त्यामुळे भात काढून त्याच खाचरात लावलेला टोमॅटो मातीतल्या किडीच्या बाबतीत जवळजवळ कोऱ्या पाटीवर सुरू होतो. वरकस जमीन, विहिरीभोवतालची वाडी, परसबाग यांचं तसं नाही. तिथे पाणी साचत नाही, आणि पावसाळाभर वांगी, मिरची, भेंडी उभी असतात. पांढऱ्या माशीचा पावसाळी मुक्काम तिथेच. बांधावरची जांभळट-पांढऱ्या फुलांची ओसाडी पाहायला निरुपद्रवी, पण टोमॅटोची पानं गोळा करणारा विषाणू तिच्यावर तग धरून राहू शकतो. नोव्हेंबरात रोप शेतात जातं तेव्हा माशी आणि विषाणू दोघे बांधावर हजर असतात.

याच टप्प्यावर कोकणातला टोमॅटो जिंकतो किंवा हरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारीतली अळी डोळ्यांना दिसते म्हणून तिच्यावर खर्च होतो, आणि खरं नुकसान करून बसलेली असते ती नोव्हेंबरातली न दिसलेली माशी. विषाणूची लागण झालेल्या झाडाचा रस माशीने अर्धा तास शोषला तरी पुरतो. साधारण दिवसभरात ती इतर झाडांना लागण करण्यालायक होते, आणि पुढे मरेपर्यंत तो रोग घेऊन फिरते. लावणीनंतर पहिल्या महिन्यात लागण झालेलं झाड खुरटतं, शेंड्याची पानं वाटीसारखी वळून बारीक होतात आणि फळ नावापुरतं लागतं. तेच झाड पन्नास-साठ दिवसांचं झाल्यावर लागण झाली तर बरंचसं उत्पन्न हाती येतं. माशी मारण्यापेक्षा पहिले दोन महिने ती रोपापासून लांब ठेवणं महत्त्वाचं आहे, ते यासाठी.

त्यासाठी गादीवाफ्यावर बारीक जाळी, ४० मेश (इंचाला चाळीस छिद्रं) किंवा त्याहून बारीक, बी पेरल्यापासून रोप उपटेपर्यंत. हा सल्ला सगळीकडे सारखाच, पण कोकणात त्याला एक फाटा फुटतो. ऑक्टोबरात इथे उकाडा आणि दमटपणा दोन्ही जोरात. हस्त-चित्राचा पाऊस मधूनच येऊन जातो. बारीक जाळीखाली हवा कोंडते आणि रोपं बुंध्याशी सडून आडवी पडतात. जाळी काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. वाफा वीतभर उंच करायचा, बी विरळ पेरायचं, पाणी सकाळीच द्यायचं आणि संध्याकाळपर्यंत माती वरून सुकू द्यायची. जाळी वाफ्याला टेकलेली नको, कमानीवर उंच हवी. ज्यांच्या जमिनीत मर रोगाचाही त्रास आहे त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण विचारात घ्यावा. पर्णगुच्छ (म्हणजे पानं गोळा करणारा तो विषाणूरोग), जीवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो तोंड देऊ शकतो.

वाऱ्याकडे आपण फार कमी पाहतो. पांढरी माशी आणि फुलकिडे स्वतःच्या पंखांवर लांब जाऊ शकत नाहीत, वारा नेईल तिकडे जातात. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. माशी उडते ती दिवसा, त्यातही सकाळच्या वेळी जास्त. म्हणून मळ्याची नेहमीच्या वाऱ्याकडची कड आधी तपासायची. पिवळे चिकट सापळे मधोमध लावण्यापेक्षा त्या कडेला आधी लावले तर चाहूल लवकर लागते. कडेने मक्याच्या दोन ओळी लावायची शिफारस असते, पण मका टोमॅटोच्या दोन-तीन आठवडे आधी पेरलेला असेल तरच आडोसा होतो. टोमॅटोबरोबर पेरलेला मका नाजूक दिवसांत गुडघ्याएवढाच असतो, त्याचा उपयोग काय?

डिसेंबर उजाडला की मळभाची काळजी. आंब्याच्या निमित्ताने हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक आहे: मोहर आला, मळभ आलं, तुडतुडे आले. टोमॅटोवरही ढगाळ हवेत मावा वाढतो आणि फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग जास्त अंडी घालतात. आता हे ढगांनी नेमकं कसं होतं? ढगांमुळे ऊब वाढते हे अर्धंच खरं. रात्र चार अंशांनी गरम होते, पण दिवस तीन-चार अंशांनी गारही होतो, त्यामुळे दिवसाची सरासरी जवळपास तीच राहते. फरक पडतो तो रात्रीत. हे पतंग रात्री उडतात, आणि गारठ्यात त्यांची उडण्याची, अंडी घालायची ताकद कमी होते. १७ अंशांच्या रात्रीपेक्षा २१ अंशांची रात्र त्यांना कितीतरी सोयीची. शिवाय हवा दमट असल्यामुळे अंडी आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या सुकून मरत नाहीत. एक मात्र ढगांच्या बाजूने सांगायला हवं. अळीला रोग पाडणारा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर निकामी होतो. मळभात तो जास्त टिकतो. ज्या हवेत लोक घाबरून जालीम औषधाकडे वळतात तीच हवा या जैविक औषधाला सगळ्यात चांगली.

तीच गोष्ट बुरशीची. लेकॅनिसिलियम, ब्यूवेरिया, मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरश्या किडीच्या अंगावर रुजायला हवेत सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता लागते. देशावर उन्हाळ्याच्या तोंडाला ती मिळवायची कशी हा प्रश्न पडतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेपर्यंत पानांवरून दव ठिबकत असतं. दमट हवेला आपण कायम शिव्या देतो, पण पांढऱ्या माशीविरुद्ध ती कामाला लावता येते आणि फार थोडे लोक लावतात. फवारणी संध्याकाळी करायची. किनाऱ्यावर सूर्य मावळला की खारे वारे पडतात आणि मतलई सुरू व्हायला वेळ असतो, त्या मधल्या निवांत वेळात थेंब इकडेतिकडे उडत नाही आणि पुढे सगळी रात्र ओलावा मिळतो. सकाळी दव असताना मारलेलं औषध पातळ होऊन ओघळतं. त्याच टाकीत बुरशीनाशक मात्र मिसळायचं नाही, नाहीतर आपणच आपली बुरशी मारून बसू.

जानेवारीत रायगडकडे पोपटीची मडकी लागतात, शेतात वाल शेंगांवर असतो. फळ पोखरणारी अळी या वालावर, पावट्यावर, तुरीवर, हरभऱ्यावर आनंदाने वाढते. जानेवारी-फेब्रुवारीत ही पिकं वाळून काढणीला आली की तिथून निघालेल्या पतंगांना आजूबाजूला हिरवं, फुलावर आलेलं काय दिसतं? टोमॅटो. म्हणून शेजारी वाल असेल तर त्याच्या काढणीची तारीख ही आपल्या टोमॅटोसाठी धोक्याची तारीख समजावी आणि कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) त्याच्या आधी आठवडाभर टांगावेत. सलग दोन-तीन रात्री एका सापळ्यात आठ-दहा पतंग येऊ लागले की शेंड्याकडची पानं आणि फुलांजवळचा भाग बारकाईने बघायचा. अंडी एकेकटी घातलेली असतात, खसखशीच्या दाण्याहून लहान, पिवळसर पांढरी. या हवेत ती तीन-चार दिवसांत फुटतात. लहान अळी काही दिवस पान-फूल कुरतडते आणि मग फळाकडे वळते. तिचं खायचं तंत्र वेगळं आहे: तोंड आणि अर्धं अंग फळात, मागचं अर्धं बाहेर. एका फळावर तिचं भागत नाही, एकीनेच चार-पाच फळं नासवली असं होतं. जे काही मारायचं ते अंडी फुटण्याच्या सुमाराला. अळी दीड इंचाची झाल्यावर मारलेलं औषध बहुतेक पैसे घालवण्याचं काम करतं.

यावर झेंडूच्या सापळा पिकाचा उपाय जुना आणि चांगला आहे, पण त्यातही वेळच महत्त्वाची. उंच वाढणाऱ्या आफ्रिकन झेंडूची ४५ दिवसांची रोपं आणि टोमॅटोची २५ दिवसांची रोपं एकाच दिवशी लावायची, टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक. वयातला हा फरक ठेवला की दोघांना फुलं एकाच सुमारास येतात आणि पतंग झेंडूवर अंडी घालणं पसंत करतात. दिवाळीचा झेंडू उरलाय तोच कडेला ठेवू, असं केलं तर तो टोमॅटो फुलायच्या आधीच म्हातारा होतो.

टुटाला मी वर हिशेबापुरतं आणलं, पण ती ओळखता यायला हवी. मूळची दक्षिण अमेरिकेतली, २००६ मध्ये स्पेनला पोचली आणि २०१४ मध्ये पुण्याच्या भागात पहिल्यांदा भारतात सापडली. आपली जुनी नागअळी पानावर पांढरी, वळणावळणाची बारीक रेघ काढते. टुटाचा डाग रेघेसारखा नसतो, फुगीर आणि पसरट असतो. डागाचं पान तोडून उजेडासमोर धरायचं. पापुद्रा कागदासारखा पारदर्शक झालेला दिसतो, आत एका बाजूला काळ्या विष्ठेचा ढीग, आणि बहुधा तिथेच हिरवट अळी हलताना दिसते. डाग वाळून तपकिरी झाला असेल आणि आत काही नसेल तर अळी उतरून गेली, त्या पानावर औषध मारून फायदा नाही. ती देठात आणि फळातही शिरते, टोमॅटोच्या देठाजवळच्या हिरव्या पाकळ्यांखाली टाचणीएवढं भोक असतं. लांबून फळ ठणठणीत दिसतं आणि बाजारात नेईपर्यंत आतून सडतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अधूनमधून पूर्वेकडून कोरडे वारे येतात, खारे वारे उशिरा सुरू होतात आणि किनाऱ्यावरही पारा ३८-३९ पर्यंत उडी मारतो. दमटपणा एकदम खाली येतो. या चार-पाच दिवसांत फुलकिडे आणि लाल कोळी डोकं वर काढतात. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, पण नुकसानीला त्याने काय फरक पडतो. पानं तांबूस, निस्तेज दिसतात, खाली बारीक जाळं. अशा दिवसांत पाणी तोडू नये. तहानलेल्या झाडावर ही दोन्ही जोरात वाढतात. मुळाशी पातेऱ्याचं आच्छादन घातलेलं असेल तर झाड ताण बरा सोसतं. आणि याच सुमारास आंब्यावर फवारणी जोरात असते. बागेला लागून टोमॅटो असेल तर वाऱ्याने उडालेलं औषध ढालकिडे, क्रायसोपा वगैरे मित्रकीटकांना मारतं. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनंतर कोळी आणि पांढरी माशी उलट वाढलेली दिसते ती त्यामुळेच.

मार्चमध्ये आणखी एक गोष्ट घडते. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचं फूल गळायला लागतं, फळधारणा घटते. कीड मात्र त्याच तापमानात सर्वात वेगाने वाढते. पीक थकत चाललंय आणि कीड ऐन भरात, असा हा काळ. म्हणूनच लागवडीची तारीख हे किडीवरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावलेल्या टोमॅटोचे मुख्य तोडे या गर्दीआधी उरकतात, जानेवारीत लावलेला नेमका तिच्यात सापडतो. फार लवकर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावावं म्हटलं तर ओल्या जमिनीत मर वाट बघत असते.

गोम अशी की ही तारीख आपल्या हातात पूर्ण नाही. २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ चक्रीवादळ आलं, २०१७ मध्ये डिसेंबरात ‘ओखी’. अरबी समुद्रात अशी वादळं गेल्या दोन दशकांत वाढली आहेत. भात आडवं होतं, कापणी लांबते, खाचर वाफशावर यायला वेळ लागतो, टोमॅटोची लावणी तीन आठवडे पुढे जाते आणि तोडे मार्चमध्ये ढकलले जातात. वादळ ऑक्टोबरचं, त्याची कीड मार्चची. अशा वर्षी एकदोन वाफे खाचराची वाट न पाहता निचऱ्याच्या वरकस जमिनीत लावून टाकणं शहाणपणाचं, मातीतल्या कोषांचा धोका पत्करूनही. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत वाचता येतो. त्यातला पावसाचा आकडा सगळे बघतात, रात्रीचं किमान तापमान आणि आर्द्रता मात्र कोणी पाहत नाही. किडीसाठी तेच दोन आकडे कामाचे.

शिमगा झाला, भाव पडला की मळा तसाच सोडून द्यायची आपली सवय आहे. चार झाडं घरच्या सारापुरती ठेवतात, बाकी वाळत उभी राहतात, खाली सडकी फळं. एप्रिल-मेमध्ये त्या झाडांवर माशी आणि टुटा दोन्ही वाढत राहतात आणि तिथून विहिरीकडच्या वांग्या-मिरचीवर जातात. झाडं मुळासकट उपटून, फळांसकट खड्ड्यात पुरावीत किंवा काळ्या प्लास्टिकखाली कडक उन्हात पंधरा दिवस दाबून ठेवावीत. बांधावर नुसती फेकायची नाहीत. मेमध्ये एक नांगरट मिळाली तर कोष वर येतात, ऊन आणि साळुंक्या-बगळे उरलेलं काम करतात. घरच्या सारासाठी ठेवलेली ती चार झाडं ठेवायचीच असतील, तर निदान त्यांची पानं उजेडासमोर धरून बघायची आणि डाग दिसला की ती झाडंही काढायची.